चिठ्ठ्यांची पेटी

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. आमच्या धर्मग्राम मंडळाची बैठक रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या पडवीत भरली होती. कोणीतरी दानपेटी फोडून चार-पाचशे रुपये नेल्याला आठवडा लोटला होता. त्यामुळे दारावर कॅमेरा बसवावा या सूचनेला विरोध होण्याचे कारण नव्हते. ती दोन मिनिटांत संमत झाली. मग आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. माणूस सचोटीचा, देवभीरू, कोणाच्या अध्यामध्यात नसणारा. त्यांनी घरूनच एक पुठ्ठ्याचे कार्ड नीट रेघा मारून आखून आणले होते. प्रत्येक कुटुंबाला असे एक कार्ड द्यावे, रविवारी मिस्सा संपल्यावर त्यावर शिक्का मारावा, वर्षअखेर शिक्के मोजावेत आणि ज्यांचे शिक्के कमी भरतील त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला किंवा शाळेसाठी शिफारसपत्र देताना 'थोडा विचार करावा', अशी त्यांची योजना होती.

"फादर, प्रेमाने सांगून सांगून आम्ही म्हातारे झालो," ते म्हणाले. "आता जरा शिस्त लावली तर गाव सुधारेल. आपला धर्मग्राम आदर्श होईल."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला उत्तर सुचेना. गुरुजींचे कार्ड मला नवे नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मी स्वतः त्याहून पुढची मजल गाठली होती. "पुढील बैठकीत बोलू," एवढेच म्हणून मी प्रार्थना सुरू केली. वाचकहो, प्रार्थनेचा असाही उपयोग आम्ही धर्मगुरू कधीकधी करतो.

त्या रात्री कपाटातून संत थॉमस मोर यांचे 'युटोपिया' काढले. गोरेगावच्या सेमिनरीत असताना ते मी पहिल्यांदा वाचले होते आणि आवडलेल्या मजकुराखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. मूळ लॅटिन पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. 'युटोपिया' या ग्रीक वळणाच्या शब्दाचा अर्थ 'कोठेही नसलेली जागा'. ही जागा आपण पाहून आलो असे सांगणारा राफाएल हा कल्पित प्रवासी पोर्तुगीज आहे. आणि मौज अशी की, नव्या जगाची सफर करून तो परततो तो सिलोन आणि आपल्या कालिकतवरून, तेथे लागलेल्या पोर्तुगीज गलबतांतून! म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध कल्पित नगरीची वार्ता युरोपात पोहोचली ती आपल्याच समुद्रावरून, असे मोर यांनी मानले आहे. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १५२१ साली, निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी आमच्या चौलजवळ आपला कोट बांधायला घेतला.

त्या बेटावर चोपन्न शहरे आहेत आणि सगळी एका नमुन्याची; एक पाहिले की सगळी पाहिली. माणसे दिवसातून फक्त सहा तास काम करतात, उरलेला वेळ ज्ञानार्जनात घालवतात. जेवण सामुदायिक भोजनगृहात. सोन्याला किंमत नाही. त्याच्या बेड्या करून गुलामांच्या पायांत घालतात. (गुलाम आहेत, हे तरुणपणी माझ्या लक्षातच आले नव्हते.) घरांना कुलपे नाहीत, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची. धर्मगुरू अत्यंत पवित्र आचरणाचे असतात आणि म्हणूनच संख्येने फार थोडे असतात, असेही मोर यांनी लिहून ठेवले आहे. ते वाचताना सेमिनरीत आम्ही खूप हसलो होतो. आता तितके हसू येत नाही.

या सगळ्याखाली माझ्या रेघा होत्या. एका परिच्छेदाखाली मात्र एकही रेघ नव्हती. युटोपियाच्या नागरिकाला दुसऱ्या शहरी जायचे असेल तर अधिकाऱ्यांची अनुमती लागते. परतीची तारीख घातलेला परवाना जवळ ठेवावा लागतो. परवान्याविना कोणी सापडला तर त्याला पळून गेलेला समजून अपमानित करून परत आणतात आणि शिक्षा करतात. पुन्हा तसाच सापडला तर तो गुलाम होतो. आणि लगेच पुढे मोर मोठ्या समाधानाने सांगतात की, तेथे दारूचे गुत्ते नाहीत, कुंटणखाने नाहीत, चोरून भेटायला कोपरा नाही. प्रत्येकजण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, मग वाईट वागायला वाव तरी कोठून मिळणार?

दारूचे गुत्ते नाहीत! तेथे मी पुस्तक मिटले. आता त्या पेटीविषयी लिहिले पाहिजे.

मी तेव्हा तिशीत होतो. धर्मग्राम खाडीकाठचा, मासेमारीवर जगणारा. गावाचे नाव येथे घेत नाही. दारूने ते गाव आतून पोखरले होते. पहिल्याच वर्षी दारूपायी गेलेल्या तिघांचे दफन मी केले. त्यांपैकी एक एकतीस वर्षांचा होता. त्याची बायको कबरीपाशी रडलीसुद्धा नाही, नुसती उभी राहिली. मी प्रवचने केली, नोव्हेना ठेवल्या, क्रूसावर हात ठेवून पुरुषांकडून शपथा घेतल्या. त्या शपथा सणापर्यंत टिकत. तेव्हा मी गावच्या सुताराकडून एक सागवानी पेटी करवून घेतली. झाकणाला फट, खाली कुलूप, किल्ली माझ्या खिशात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना सांगितले की, तुमच्या वाडीत कोठे दारू विकली जाते, कोठे पिऊन मारझोड होते, ते कागदावर लिहून या पेटीत टाका. नाव घालायची गरज नाही. ही चहाडी नव्हे, हा आत्मा वाचवण्याचा मार्ग आहे. 'आत्मा वाचवणे' हे शब्द मी वापरले होते. मला ते चांगले आठवतात.

तीन महिन्यांत गाव पालटले. विक्रीची दोन ठिकाणे बंद पडली. संध्याकाळी पुरुष घरी दिसू लागले. शेजारच्या धर्मग्रामांतून माझ्या 'प्रयोगा'ची चौकशी होऊ लागली आणि वरिष्ठांकडून कौतुकाचे पत्र आले. खोटे कशाला सांगू, मी फार आनंदात होतो.

मग चिठ्ठ्यांचा मजकूर बदलत गेला. शुक्रवारी कोणाकडे मटण शिजले, कोणाची मुलगी एस. टी. स्टँडवर कोणाशी बोलत होती, कोण भगताकडे जाऊन आले. अक्षर मुलांचे असे. पण वाक्ये कधीकधी मुलांची नसत. भावकीची जुनी भांडणे लहान मुलांच्या हस्ताक्षरात माझ्या टेबलावर येऊ लागली होती. मी पेटी तेव्हाच काढून टाकायला हवी होती. मी काढली नाही. शनिवारी रात्री कुलूप उघडताना मला एक प्रकारचे सुख वाटे. सगळ्या गावाचे आतले मला ठाऊक आहे, हे ते सुख होते. दुसऱ्या दिवशी ख्रिस्तप्रसाद देताना समोर येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर मला आदल्या रात्रीची चिठ्ठी दिसे.

एका शनिवारी एक चिठ्ठी निघाली ती नाव घालून लिहिलेली. माझ्या वेदीसेवकांपैकी एक अकरा वर्षांचा मुलगा. 'माझे बाबा परत पितात. फादरनी येऊन सांगावे.' सत्याला भिण्याचे कारण नाही असे मीच शिकवले होते. त्याने नाव घातले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दोन सभासदांना बरोबर घेऊन मी त्याच्या घरी गेलो. आजूबाजूची माणसे जमली. त्याचा बाप दोन महिने दारूला शिवला नव्हता. त्या आठवड्यात होडीचे इंजिन बिघडले, हाती आलेले पैसे दुरुस्तीत गेले आणि तो पुन्हा प्याला होता. हे मला नंतर कळले; त्या दिवशी मी विचारलेच नाही. चारचौघांत मी त्याला क्रूसावर हात ठेवायला लावला.

"कोणी सांगितलं?" त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. देण्याची गरज पडली नाही. दाराआड उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा पाहून ते घरातल्या सगळ्यांना समजले.

बापाने मुलाला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते, असे पुढे कित्येकदा माझ्या मनात आले. तो फक्त मुलाशी बोलेनासा झाला. त्याच्याबरोबर एका पंगतीला बसेनासा झाला. 'फादरचा पोर' असे तो त्याला म्हणे. दारू त्याने घरात पिणे बंद केले, बंदरावर पिऊ लागला. मुलाने वेदीसेवा सोडली. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो मुंबईला मामाकडे निघून गेला. त्यानंतर त्याची आई एकदा माझ्याकडे आली. दुसरे काही मागायला आली होती, जाता जाता दारात थांबून म्हणाली, "फादर, दारू होती तेव्हा घरात चार माणसं तरी होती."

पेटी त्याच दिवशी मी कपाटावर टाकली. कोणाला कारण सांगितले नाही.

जॉर्ज ऑर्वेलची १९४९ साली प्रसिद्ध झालेली 'एकोणीसशे चौऱ्याऐंशी' ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिच्यातील मोठा पडदा, त्यातून सतत पाहणारे डोळे, यांचीच चर्चा फार होते. माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे तो पार्सन्स नावाचा एक भाबडा शेजारी. त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून त्याचे झोपेतले बोलणे ऐकते आणि त्याला पकडून देते. तुरुंगाच्या कोठडीत बसलेला तो बाप आपल्या मुलीचा अभिमान वाटतो म्हणून सांगतो! सेमिनरीत हे प्रसंगचित्र मला अतिशयोक्तीचे वाटले होते. माझ्या गावातील बाप तसा अभिमान बाळगू शकला नाही. तो दुखावला, त्याच्यात माणूस शिल्लक होता.

आपल्या मराठीत नियंत्रणाचे चित्र म्हटले की तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) आठवते. घाशीराम सावळदास ही व्यक्ती खरी. नाना फडणविसांच्या अमदानीत तो पुण्याचा कोतवाल होता आणि १७९१ साली जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. नाटक म्हणजे इतिहास नव्हे. पण ऊठसूट परवाना मागणारा, रात्री-अपरात्री दारे ठोठावणारा तो कोतवाल आपण सहसा विसरत नाही. तरीही या नाटकाने मला घाबरवले नाही. नाटकातला घाशीराम अपमानाचा सूड घेत होता. मी कोणाचा सूड घेत होतो? मला त्या गावाविषयी खरोखर माया होती.

मायेपोटी माणसाला बांधून टाकणाऱ्याची गोष्ट एका रशियन कादंबरीकाराने लिहिली आहे. दोस्तोयेव्हस्कीची 'करामाझफ बंधू' १८८० साली पूर्ण झाली. तिच्यातील एक भाऊ दुसऱ्याला, जो मठात राहतो त्याला, एक कल्पित कथा सांगतो. स्पेनमधील सेव्हिल शहरात, पाखंड्यांना जाळण्याच्या त्या दिवसांत, येशू ख्रिस्त पुन्हा लोकांत येतो. लोक त्याला ओळखतात. नव्वदीचा धर्मन्यायाधीश त्याला पकडून कोठडीत टाकतो आणि रात्री दिवा घेऊन एकटाच भेटायला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, तू माणसाला स्वातंत्र्य दिलेस आणि ते ओझे त्याला पेलवत नाही. त्याला भाकरी हवी, चमत्कार हवा, डोक्यावर कोणीतरी हवा. आम्ही तुझे काम दुरुस्त केले आहे. माणसे आता सुखी आहेत, तू पुन्हा कशाला आलास? ख्रिस्त एक शब्द बोलत नाही. शेवटी तो त्या म्हाताऱ्याच्या रक्तहीन ओठांचे चुंबन घेतो. म्हातारा दार उघडतो आणि 'पुन्हा येऊ नकोस' म्हणून त्याला अंधारात सोडून देतो.

हा म्हातारा दुष्ट नाही. त्याला माणसांची कीव येते, आणि त्या किवेतच त्याने त्यांचा कडीकोयंडा आपल्या हाती घेतला आहे. हे प्रकरण मी सेमिनरीत परीक्षेसाठी वाचले, त्यावर निबंध लिहिला, गुणही बरे मिळाले. त्या झगेवाल्या माणसाच्या खिशात माझ्या पेटीची किल्ली असेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी रागावलो असतो.

हे शिकायला खरे म्हणजे रशियापर्यंत जाण्याची गरज नव्हती. आभाळ स्वच्छ असले की आमच्या गावच्या टेकडीवरून कोर्लईचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे कुंडलिकेचे मुख, आणि मुखाच्या उत्तरेला रेवदंड्याचा तट. त्या तटाच्या आत एके काळी फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा चारही संघांची देवळे होती. आज माडाच्या बागांतून त्यांच्या भिंती आणि सातखणी बुरूज तेवढा उभा आहे. निजामशाहीने १५७०-७१ मध्ये त्या शहराला वेढा घातला आणि ते टिकले. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी घेतला. तटाच्या आत सारे ख्रिस्ती, सारे आखीव, घंटेच्या ठोक्यावर चालणारे. तेथील धर्मगुरूंनी या नगरीकडे आदर्श नगरी म्हणूनच पाहिले असणार.

तटाबाहेर समुद्र होता, आणि मोर यांनी पुस्तकात लिहिलेला परवाना त्या समुद्रावर खरोखरच चालत होता. त्याला 'कार्ताझ' म्हणत. या किनाऱ्यावरून व्यापाराला निघालेल्या गलबताजवळ पोर्तुगिजांचे कार्ताझ नसेल तर ते गलबत मालासकट जप्त होई. तांडेल कोण, माल कोणता, हत्यारे किती, जाणार कोठे, सगळे त्या कागदावर. हजच्या यात्रेकरूंच्या गलबतांनाही त्यातून सुटका नव्हती. पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याच समुद्रावर आपले दस्तक चालवले आणि ते न घेणाऱ्यांची जहाजे धरली. तेव्हा मात्र युरोपीय कंपन्यांना तो चाचेपणा वाटला. असो.

समुद्रावरचा परवाना एक वेळ समजू शकतो. तो मालाचा होता. पुढचा परवाना मनाचा होता, आणि त्याची कथा सांगताना माझी, एका कॅथलिक धर्मगुरूची, मान खाली जाते. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाली. मधली चार वर्षे सोडली तर ती १८१२ पर्यंत चालली. तिचे काम चिठ्ठ्यांवरच चाले. दुसऱ्याविषयी जे ठाऊक असेल ते येऊन सांगणे हे भाविकाचे कर्तव्य ठरवले गेले होते. आरोपीला मात्र आपल्यावर कोणी काय आरोप केला हे सांगत नसत, त्याने आपला गुन्हा आपणच आठवून कबूल करावा अशी अपेक्षा असे. दमणला पकडल्या गेलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याने सुटकेनंतर, १६८७ साली, आपली हकीकत छापली आणि ती युरोपभर वाचली गेली. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर अंगणातली तुळस, लग्नातल्या ओव्या, स्त्रियांची चोळी, बिनमिठाचा भात, एवढ्या बारीकसारीक गोष्टींना मनाई केली गेली. भातात मीठ आहे की नाही हे पाहायला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कोणीतरी डोकावणार, हे उघडच आहे. ते डोकावणारे मूल असेल किंवा मोलकरीण असेल. पेटी मी शोधून काढलेली नव्हती.

१२ मार्च २००० रोजी, ज्युबिली वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याची सेवा करताना ख्रिस्तसभेच्या लेकरांनी जी असहिष्णुता दाखवली तिच्याबद्दल देवाची क्षमा मागितली. त्याआधी ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा संमत करून स्पष्ट म्हटले होते की, धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. हे आम्ही सेमिनरीत तारखांसकट पाठ केले होते. मग मी तिशीत पेटी केली. पाठांतराने एवढेच होते.

आता कोर्लईची गंमत पाहा. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे गेले. अधिकारी गेले, संघांचे धर्मगुरू गेले, पैसेवाले गेले. डोंगराच्या पायथ्याशी राहिली ती गरीब ख्रिस्ती माणसे, सैनिकांच्या आणि चाकरांच्या पिढ्यांतून आलेली. त्यांची भाषा पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळीतून तयार झालेली. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. तिच्यासाठी कोणी फर्मान काढले नाही, शाळा काढली नाही, तिच्यात पुस्तके छापली नाहीत. चहूकडे मराठी. तरी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती त्या एका गावात बोलली जात आहे. बोलणारे फार तर हजाराच्या आसपास. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. जेथे फर्मान निघाले त्या गोव्यात कोकणी जिवंत राहिली, आणि जेथून फर्मान काढणारे निघून गेले त्या कोर्लईत पोर्तुगिजाचा अंश जिवंत राहिला.

दर वर्षी १६ जुलैला कार्मेल मातेच्या सणाला मी कोर्लईला जातो. भर पावसात मिस्सा होते. ती मराठीत असते. दोन वर्षांपूर्वी सणाच्या दिवशी एका ओट्यावर चहा घेत बसलो होतो. घरातली म्हातारी नातवावर त्यांच्या भाषेत ओरडत होती आणि नातू मराठीत उत्तरे देत होता. मी तिला विचारले, "आजी, तुम्हाला ही भाषा कोणी शिकवली?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "शिकवायची काय, फादर? घरात बोलतात," ती म्हणाली. नातवाकडे बघून पुढे म्हणाली, "हा नाही बोलत. नाही तर नाही." आणि तिने त्याच्या हातावर भजे ठेवले.

भाषा विरळ होत चालली आहे, हे खरे. त्या भज्यासाठी तरी मी ती म्हातारी विसरणार नाही.

परत मोर यांच्याकडे वळतो, कारण ते माझे आवडते संत आहेत आणि त्यांचे कोडे मला अजून सुटलेले नाही. आपल्या युटोपियात त्यांनी निरनिराळ्या धर्मांना वाव दिला. पुढे १५२९ मध्ये ते इंग्लंडचे चॅन्सेलर झाले आणि त्यांच्या अडीच-तीन वर्षांच्या कारकिर्दीत सहा माणसे पाखंडी म्हणून जाळली गेली. ते त्या शिक्षांच्या विरुद्ध नव्हते. उलट त्या योग्यच आहेत असे त्यांनी लिहिले आहे. मग फासे उलटले. राजा आठव्या हेन्रीने आपणच इंग्लंडच्या धर्मसभेचे प्रमुख आहोत असे जाहीर करून तशी शपथ मागितली. मोर राजाविरुद्ध बोलले नाहीत. त्यांनी शपथही घेतली नाही. ते गप्प राहिले. राज्याला ती गप्प बसण्याची जागासुद्धा हवी होती. मौन म्हणजे कायद्याने संमती होय, असा युक्तिवाद करून पाहिला तरी उपयोग झाला नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचे शिर उडवले. १९३५ मध्ये ते संत झाले आणि २००० मध्ये राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत. ज्याने कोपरा नसलेले शहर रेखाटले त्याला शेवटी आपल्या मनाचा तेवढा एक कोपरा जपण्यासाठी मरावे लागले. त्या वेळी त्यांना ती सहा माणसे आठवली असतील का?

आपल्याकडच्या संत रविदासांनीही एक नगरी कल्पिली होती, 'बेगमपुरा', म्हणजे दुःख नसलेले गाव. तेथे कर नाही, भीती नाही, आणि माणूस हवा तेथे हिंडू शकतो. राजवाड्यापाशीही त्याला कोणी अडवत नाही. मोर मोठे न्यायपंडित होते, त्यांना आदर्श नगरीत परवाना सुचला. रविदास चामड्याचे काम करणारे. बंद दारे त्यांनी बाहेरच्या बाजूने पाहिली होती.

पुढची बैठक झावळ्यांच्या रविवारी झाली. गुरुजींनी कार्ड पुन्हा आणले होते. मी त्यांना युटोपिया सांगितला नाही, दोस्तोयेव्हस्कीही नाही. पेटीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, मुलाच्या आईच्या वाक्यापर्यंत. पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी एवढेच म्हणालो की, आपल्या देवळात एक पेटी आधीपासून आहे, पापनिवेदनाची. तिच्यात माणूस आपल्या पायांनी येतो, फक्त स्वतःविषयी बोलतो, आणि तेथे ऐकलेले प्राण गेला तरी मला बाहेर नेता येत नाही. माझ्या पेटीत मुले दुसऱ्यांविषयी लिहीत होती, आणि मी ते सगळीकडे नेत होतो.

गुरुजी उभे राहिले. "ते सगळं खरं, फादर," ते म्हणाले. "पण जे येतच नाहीत त्यांचं काय करायचं?"

"त्यांच्या घरी जाऊ."

"कार्डाशिवाय?"

"कार्डाशिवाय."

"आणि दार उघडलं नाही तर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. नियम नकोत असे माझे म्हणणे नाही. नोंदवह्या आहेत, त्या राहतील. दानपेटीवरचा कॅमेराही राहिला आहे. गुरुजींनी कार्डाची घडी करून खिशात घातली. ते पूर्ण पटले म्हणून घातली असे मला वाटत नाही. पण तेव्हापासून मंगळवारी संध्याकाळी ते माझ्याबरोबर येतात. एकवीस घरे झाली. चार घरांनी दार उघडले नाही. एका घरात आम्हाला दोन तास टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना पाहावा लागला. रविवारची उपस्थिती वाढली का, असे वाचक विचारतील. नाही, वाढलेली नाही.

तो मुलगा आता पस्तिशीच्या आसपासचा असेल. मालवाहू जहाजावर नोकरी करतो असे ऐकले आहे. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले तेव्हा मी त्या गावी गेलो होतो. दफनानंतर तो माझ्याजवळ आला, हात जोडले, "आलात, बरं वाटलं," म्हणाला. क्षमा मागायचे मी घरूनच ठरवून गेलो होतो, पण आजूबाजूला माणसे होती. त्याला चारचौघांत पुन्हा उभे करायचे नव्हते, असे मी स्वतःला सांगितले. परतीच्या वाटेवर मी त्याला पत्र लिहायचे ठरवले. ते लिहून झाले आहे, पत्ता मिळालेला नाही. त्याच्या आईकडे मागायला हवा.

पेटी माझ्याबरोबर प्रत्येक बदलीत आली. आता ती सॅक्रिस्टीत आहे, तिच्यात जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे ठेवतो. परवा एक नवा वेदीसेवक, नऊ-दहा वर्षांचा, तुकडे भरता भरता म्हणाला, "फादर, हिच्या झाकणाला ही फट कशाला?"

मी त्याला सांगितले. त्याला समजेल तेवढे.

त्याने फटीत बोट घालून पाहिले. "मग कोणी खरं लिहिलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "एका मुलानं."